ग्रंथ संपेपर्यंत

सोमवार, ८ जुलै

तात्याराव गुरुजींनी ही डायरी दिली. मागच्या वर्षाची आहे, सोसायटीनं वाटलेली, पण एक पान बी लिहिलेलं नाही. म्हणले, "सत्यशीला, रोज चार ओळी लिहीत जा. हात चालला की डोळा बी चालतो."

मी म्हणलं, डोळा चालवून मला काय करायचंय? सुईत दोरा जातो तेवढं बास.

तर म्हणले, परवा ते पुण्याला चाललेत, लेकाकडं. कायमचे. आणि वर्षावास पंधरा दिवसांवर आलाय.

बावीस वर्षं झाली, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी गुरुजी विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात आणि आम्ही ऐकतो. तीन महिन्यांत ग्रंथ पूर्ण होतो. एकदा बी चुकलं नाही. त्यांना टायफॉइड झाला तवा बी घोंगडी पांघरून वाचलं. आता वाचणार कोण? गुरुजींनी वस्तीतली माणसं बोटावर मोजली. ज्यांना वाचता येतं ते सगळे चाकणला नाहीतर हडपसरला. राहिले ते अंगठेवाले. मी मधी लटकलेली, चौथी पास.

"तू वाच," म्हणले.

मी हसले. ते हसले नाहीत.

बुधवार, १० जुलै

गुरुजी गेले. गावात आता सकाळची एकच एसटी येते, ती बी ड्रायव्हरच्या मनावर. आज नेमकी वेळेवर आली.

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडं. अशा सात किल्ल्या झाल्या, ज्वारीच्या डब्यात ठेवते. गुरुजींच्या बाईंनी लोणच्याची बरणी दिली, अर्धी भरलेली. तवाच मला कळलं की हे आता काही परत येत नाहीत. परत यायचं असतं तर माणूस बरणी शिंक्याला टांगून जातो.

संध्याकाळी पुण्याहून माझ्या लेकाचा, सिद्धोधनचा फोन. "आई, गुरुजी बी आले इकडं. तू एकटी तिथं काय करतीस? मनिषा बी म्हणायली, आत्याला आणा." मनिषा माझी सून, मला आत्या म्हणती.

मी म्हणलं, "वर्षावास होऊ दे. ग्रंथ संपेपर्यंत मला काही विचारू नको."

"म्हणजे संपला की येतीस?"

"येते म्हणलं ना. एकदा सांगितलेलं कळत न्हाई का?"

कस्तुराबाई बाजूलाच बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. शेजारीण आहे माझी, पंच्याहत्तरीची. फोन ठेवला तर ती उठली. पाय दुखायलेत म्हणली आणि गेली. निम्म्या शेंगा तशाच ठेवून गेली. मीच मोडल्या.

रविवार, २१ जुलै

आषाढी पौर्णिमा. वाचलं.

काय वाचलं ते मला विचारू नका. अर्ध्या तासात सव्वा पान झालं. जोडाक्षर आलं की मी अडते. एक शब्द तर एवढा लांब होता की मधी दोनदा श्वास घेतला. कस्तुराबाई म्हणली, "सत्यशीले, तू वाचायलीस का खडी फोडायलीस?"

"मग तू वाच," मी म्हणलं.

"मला येत असतं तर तुझं ऐकत बसले असते का?"

भुजंगमामाला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि ते डावा कान माझ्याकडं करून बसतात. दर दोन ओळींना "मोठ्यानं!" सगळी मिळून सात माणसं. बाहेर पाऊस नाही, आत मी घामानं भिजलेली.

एक मात्र ठरवलं. गुरुजी पुस्तकात काडी घालायचे खुणेला. मी सिद्धोधनच्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून घातली. जाड कागद आहे, सोनेरी. गावात मांडव पडलेलं ते शेवटचं लग्न. त्यानंतरची सगळी परभणीत नाहीतर पुण्यात, हॉलमधी. आपण आहेर घेऊन जायचं आणि खुर्चीवर बसून जेवायचं.

गुरुवार, २५ जुलै

कामं वाटून दिली. उगाच कोणी फुकट बसू नये. भुजंगमामांनी मेणबत्ती लावायची, मी वाचायचं, वाचून झालं की चहा मीच करायचा, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला चव नाही. कस्तुराबाईनं पट्टी नीट घालून ग्रंथ पांढऱ्या फडक्यात बांधायचा आणि कपाटात ठेवायचा. तिला अक्षर येत नाही, पण गाठ लय चांगली मारती.

शनिवार, ३ ऑगस्ट

विहाराच्या पायरीवर आज कमलबाई बसली होती. पाटलाच्या गल्लीतली. मी म्हणलं, काय काम काढलंत?

म्हणली, "काम कशाचं, सत्यशीलाबाई? आमच्या गल्लीत अकरा घरं, नऊ कुलपं. दहाव्या घरातला म्हातारा ऐकत न्हाई, अकरावी मी. टीव्हीचं रिचार्ज संपलं. तुमचा आवाज आला म्हणून आले."

"आवाज आवडला का?"

"आवडला असं न्हाई. पण माणसाचा हाय."

बसा म्हणलं. पायरीवरच बसली, शेवटपर्यंत. चहा देऊ का विचारलं तर नको म्हणली. मी बी आग्रह केला नाही. आग्रह करणं मला जमत नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

रोज दुपारी शेळीसमोर बसून संध्याकाळची पानं आधी वाचून काढते. शेळी "मोठ्यानं" म्हणत नाही, एवढं बरंय. आज जोडाक्षराला अडले ते फक्त चार वेळा.

अडचण ही आहे की मी अक्षरं बघण्यात गुंतलेली असते, अर्थ सगळा समोरच्यांकडं जातो. आज कस्तुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबून विचारलं, काय झालं? म्हणली, "आगं, तूच तर वाचलंस आत्ता." मला काही पत्ता नाही. घरी येऊन ते पान परत वाचलं. मग मला बी आलं.

मंगळवार, २० ऑगस्ट

सोनपेठच्या बाजाराला जाऊन आले. येताना मास्तर भेटले. शाळेत आता पाच लेकरं, पुढल्या साली शाळा चालते की नाही म्हणले. ज्या खोलीत मी चौथी झाले ती पाडायला आली. गिरणी बी आता आठवड्यातून दोनच दिवस. मी म्हणलं, असू द्या. ऐकायला तरी मुबलक माणसं आहेत माझ्याकडं. आठ.

सोमवार, २ सप्टेंबर

पोळा. गावात तीनच बैल. जोडी जमेना म्हणून भुजंगमामांनी पलीकडच्या गावातून एक उसना आणला. त्यानं आपल्या गावाकडं धूम ठोकली आणि मामा पोळीचं ताट घेऊन त्याच्यामागं. एवढी हसले की पोटात दुखलं.

कालपासून पाऊस थांबायचं नाव घेईना. लाइट गेली. मला वाटलं आज कोणी येणार नाही. सगळे आले, पोती पांघरून. पायरीवरून पाण्याचा लोट चालला होता आणि कमलबाई तिथंच छत्री धरून उभी. मी वाचता वाचताच म्हणलं, "आत या, न्हाईतर मी वाचत न्हाई. मला छत्रीवरचा आवाज सहन होत न्हाई."

ती दारात आली. तिथं थबकली. कस्तुराबाई सतरंजीवर बाजूला सरकली. कमलबाई बसली. चहा बी घेतला, आमच्याच कपात. तिची सासू जिवंत असताना मी तिच्या दारात पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायची. आज सून म्हणती, साखर जरा जास्त टाकत जा.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज पाच पानं सलग. एकदा बी अडले नाही. भुजंगमामा सुद्धा "मोठ्यानं" म्हणले नाहीत, झोपले होते.

पण एक कळत नाही. ग्रंथ तीन बोटं जाड आहे. पाच पानांनी आता एक बोट बी उरायला नको. मोजलं तर अजून सव्वा बोट. पानांवरचे आकडे बघावेत तर खालचे कोपरे गुरुजींच्या अंगठ्यानं बावीस वर्षांत झिजून गेलेत.

शिवाय आज वाचताना वाटलं, हे झालंय. मी विचारलं, "हे आपण काल वाचलं का?"

"न्हाई बा," कस्तुराबाई म्हणली.

"बिलकुल न्हाई," कमलबाई म्हणली.

"नवीनच हाय," जागे होऊन भुजंगमामा म्हणले.

तिघं एका तोंडानं बोलल्यावर मीच चुकले असणार. वय झालं. ह्या दिवाळीला बावन्न पूर्ण.

सोमवार, २३ सप्टेंबर

वय बिय काही झालेलं नाही. आज एक ओळ वाचली आणि पुढची ओळ डोळ्यांनी बघायच्या आधीच तोंडात आली. म्हणजे झालेलंच होतं ते. थांबले त्या जागी पेन्सिलीनं ठिपका दिला. कोणाला सांगितलं नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पट्टी ठिपक्याच्या तीन पानं मागं.

पट्टीला पाय फुटत नाहीत. फडकं बांधती कोण? कस्तुराबाई.

बुधवार, २५ सप्टेंबर

सकाळीच तिच्या दारात गेले. भाकरी थापत होती. मी काही आडवळण घेत नाही. तोंडावरच विचारलं, "पट्टी तू मागं सरकवतीस का?"

"हाव," म्हणली. भाकरी उलटली.

"कामून?"

"एकदा ऐकून डोक्यात बसत न्हाई."

मी खाली बसले. दोन महिने दुपार दुपार शेळीपुढं घसा फोडला आणि ह्यांना समजतच नाही माझं वाचलेलं! गुरुजींच्या वेळी कोणी पट्टी सरकवली नव्हती. मी विचारलं, "एवढं वाईट वाचते का मी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण तव्यावरची भाकरी करपली.

ठरलं. आजपासून ग्रंथ मीच बांधणार, घरी नेणार आणि रोज सहा पानं वाचणार. बावीस वर्षांत जे चुकलं नाही ते माझ्या हातून चुकायचं नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

सहा काय, चार बी होत नाहीत. ह्या माणसांना अचानक काय झालंय कोणास ठाऊक. भुजंगमामांनी इतकी वर्षं कधी काही विचारलं नाही, आता दर पानाला शंका. "तो राजा कोणाचा कोण? आन त्याची जमीन किती व्हती?" कमलबाई भजी घेऊन येती, ती गरम असतानाच खायला पाहिजेत म्हणती. आणि कस्तुराबाईला बरोबर आठ वाजता चक्कर येती. साडेआठला ठणठणीत. काल मी म्हणलं, दवाखान्यात नेते. तर म्हणली, "नको, तू वाचायची थांबलीस की उतरती."

भजी चांगली असतात. कमलबाई ओवा टाकती.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सिद्धोधन पौर्णिमेला येतोय, न्यायला. पिशवी भरायला काढली. लुगडी तीन, चष्मा, ही डायरी. शेळी भुजंगमामांना देईन. लोणच्याची बरणी कस्तुराबाईला दिली, अर्ध्यातली अर्धी राहिली होती. तिनं घेतली, पण तोंड असं केलं की जणू मी विंचू दिला.

किल्ल्यांचा घोळ झालाय. माझी धरून आठ. कस्तुराबाई म्हणली, "माझ्या घरात ठेवू नको. मला कुलपं नकोत." कमलबाईला विचारलं तर तिनं हात पदराखाली घेतला. एवढा जीव लावला, आठ किल्ल्या सांभाळायच्या म्हणलं तर सगळ्यांना जड! माणसं अशीच. कामापुरती.

मनिषा फोनवर म्हणली, "आत्या, तुमच्यासाठी खिडकीजवळचा पलंग लावलाय. सातवा मजला हाय, वारं लय येतं." चांगली पोरगी आहे. मी विचारलं, शेजारी कोण राहतं? म्हणली, माहीत नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काल लिहायला वेळ झाला नाही. आज सगळं लिहिते.

काल आश्विन पौर्णिमा होती. पुण्याहून तीस-चाळीस माणसं आली. सहा घरांची कुलपं उघडली, मीच किल्ल्या वाटल्या. झाडूचा आवाज, लेकरांची रडारड, खिरीचं पातेलं. भरल्या गावात मला बेजार व्हायला झालं, सवय मोडली. गुरुजी आले. वाळलेत. म्हणले, तिकडं संध्याकाळी बागेत बाकावर बसतो, तिथं सगळे रिटायर लोक आहेत, सगळे बोलतात, ऐकत कोणी नाही.

चार वाजता विहार भरला. मी उभी राहिले आणि खरं सांगितलं. "गुरुजी, ग्रंथ पूर्ण झालेला न्हाई. चाळीसेक पानं राहिली. चूक माझी."

गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणले, "चाळीसच ना? त्यात काय? मी दोन तासांत संपवतो, अजून दिवस हाय." आणि हात पुढं केला.

तवा भुजंगमामा ओरडले. ऐकू कमी येतं म्हणून ते सगळ्याच गोष्टी ओरडतात. "संपवता कशाला, गुरुजी? संपला की ही पुण्याला जायली ना! आमी दोन महिने सरकवत सरकवत आणलाय त्याला!"

कस्तुराबाईनं पदर तोंडावर घेतला. कमलबाई छताकडं बघायला लागली. सिद्धोधन दाराशी उभा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोणाकडंच बघितलं नाही, ग्रंथाकडं बघत राहिले. गवारीच्या शेंगा आठवल्या. माझा फोन ऐकून कस्तुराबाई निम्म्या ठेवून गेली होती.

मी काय मूर्ख बाई आहे! पेन्सिलीचा ठिपका दिला, चोर धरला, आणि चोरी कशाची ते मला कळलं नाही.

गुरुजींचा हात तसाच पुढं होता. मी म्हणलं, "गुरुजी, तुमी पाव्हणे हायेत, खीर घ्या. ग्रंथ मी सुरू केलाय, मीच संपवीन."

"पण पौर्णिमा तर आज हाय. नियम—"

"नियम ऐकणाऱ्यांसाठी असतो. ऐकणारे म्हणायलेत त्यांचं ऐकून झालं न्हाई."

गुरुजी हसले. जुलैत हसले नव्हते ते आत्ता हसले. मग शेवटच्या रांगेत जाऊन कस्तुराबाईशेजारी बसले आणि म्हणले, "वाच मग." मी तीन पानं वाचली, सगळ्यांसमोर. अडले नाही. भुजंगमामा म्हणले, "मोठ्यानं!"

घरी आल्यावर सिद्धोधन पिशवीजवळ बसला. मला वाटलं भांडेल. त्यानं ग्रंथातली पट्टी ओढून बघितली. "ही माझ्या पत्रिकेची हाय ना?"

"हाव. जागेवर ठेव, पान जाईल."

ठेवली. म्हणला, "मग कधी येतीस?"

"ग्रंथ संपला की."

"आई, तो कधी संपायचा?"

त्यानं पिशवीतली लुगडी एक एक काढून दांडीवर टाकली. बापासारखी घडी घालतो, वाकडी. मग मनिषाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती एवढी हसली की फोन लांब धरला तरी मला ऐकू आलं. म्हणली, "दिवाळीला आमीच येतो. सुट्टी टाकते. मला बी ऐकायचंय."

आज सकाळी तो एसटीनं गेला. पिशवी रिकामी कशाला न्यायची म्हणून ज्वारीचं पीठ आणि शेंगा भरून दिल्या. बाकीचे बी गेले. कुलपं लागली, किल्ल्या डब्यात आल्या. सातच. माझी कमरेला.

दुपारी बघते तर ओट्यावर लोणच्याची बरणी. कस्तुराबाई भिंतीला टेकून उभी.

"परत आणलीस होय?" मी म्हणलं. "आन एक फोड कमी दिसायली."

"चव बघितली. खारट झालंय. मला नको."

संध्याकाळी सात वाजता विहारात आठ माणसं. वर्षावास काल संपला, हे मी कोणाला सांगितलं नाही, त्यांनी बी मला सांगितलं नाही. चार पानं वाचली. चहा झाला. मग फडकं पसरलं, ग्रंथ मिटला आणि पट्टी तीन पानं मागं सरकवली.

कस्तुराबाई बघत होती. म्हणली, "आजून एक सरकव. ते बी नीट समजलं न्हाई."

सरकवली. गाठ तिला मारायला दिली.